क्रिकेटेतर खेळांचे राष्ट्रीय वृत्तांकन : वाडिया पार्कवरील कुस्तीच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातील वाडिया पार्क मैदानावर जानेवारी २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्र केसरी किताबाची कुस्ती स्पर्धा सुरू झाली आणि २ फेब्रुवारी रोजी तिचा समारोप झाला. पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ मानाच्या गदेचा मानकरी ठरला. तथापि, देशभर पोहोचलेली बातमी वेगळीच होती. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत मोहोळने आपल्याला चितपट केल्याचा निर्णय नांदेडच्या शिवराज राक्षे याला मान्य झाला नाही. त्याने पंचाची कॉलर धरली व पंचाला लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून काही सेकंद शिल्लक असतानाच आखाडा सोडून गेला. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

सावेडी उपनगरातील प्रोफेसर कॉलनी किंवा भिस्तबाग परिसरात राहणाऱ्या वाचकापासून हा आखाडा अवघ्या काही किलोमीटरवर होता. मैदानावर न गेलेल्या अशा वाचकाने या कुस्तीविषयी राष्ट्रीय प्रसारमाध्यमांतून जाणून घ्यायचे ठरविले असते, तर त्याच्या हाती काय आले असते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. येथे ‘राष्ट्रीय प्रसारमाध्यमे’ या संज्ञेत इंग्रजी व हिंदी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि क्रीडावाहिन्या यांचा समावेश केला आहे. मराठी वृत्तपत्रांचा विचार जिल्हा पान व मुख्य पान यांतील अंतराच्या संदर्भात केला आहे.

क्रिकेटेतर खेळांना प्रसारमाध्यमांत जागा मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. परंतु केवळ जागेचा हिशेब मांडून प्रश्न सुटत नाही. वाडिया पार्कच्या घटनेला जागा भरपूर मिळाली. उणीव होती ती खेळाच्या जाणिवेची आणि वृत्तांकनातील सातत्याची. या दोन गोष्टींच्या अभावी क्रिकेटेतर खेळ वाचकासमोर एक तर विजयोत्सवाच्या रूपात येतो किंवा भांडणाच्या रूपात. या दोहोंच्या मधला खेळ, म्हणजेच प्रत्यक्ष खेळ, दिसेनासा होतो.

लाथेची बातमी आणि कुस्तीची बातमी

पंचाला लाथ मारणे ही बातमी आहेच. ती छापू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती समजण्यासाठी वाचकाला काही गोष्टी ठाऊक असणे आवश्यक होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकलेले असणे आणि प्रतिस्पर्ध्यावर पूर्ण ताबा असल्याची पंचाची खात्री होईल इतका वेळ ते टेकलेले राहणे, याला चितपट म्हणतात. चितपटीचा निर्णय एकटा पंच देत नाही, त्याला मॅटप्रमुखाची किंवा न्यायाधीशाची संमती लागते. गुणांच्या निर्णयाला प्रशिक्षक चित्रफितीच्या आधारे आव्हान देऊ शकतो, चितपटीच्या निर्णयाला मात्र असे आव्हान देता येत नाही. एवढी माहिती चार-पाच ओळींत मावते. ती दिली असती, तर खांदे टेकले होते का, निर्णयाची प्रक्रिया पाळली गेली का, आणि प्रक्रियेत उणीव राहिली असेल तर मल्लाने दाद कोठे मागायची, हे तीन प्रश्न वाचक स्वतः विचारू शकला असता. मल्लाच्या वर्तनाचे समर्थन न करताही हे प्रश्न विचारता येतात.

राष्ट्रीय पातळीवरील बहुतेक मथळे मात्र लाथेभोवतीच फिरत राहिले. कोणता डाव टाकला, पकड कोठे होती, मोहोळ त्या कुस्तीपर्यंत कोणाकोणाला हरवून आला होता, हे सांगण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. राक्षे हा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेचा महाराष्ट्र केसरी होता आणि तेव्हा अंतिम लढतीत त्याने याच महेंद्र गायकवाडला हरविले होते. दोन वर्षांपूर्वीचे दोन्ही अंतिम मल्ल एकाच संध्याकाळी वादात सापडतात, ही गोष्ट जाणत्या क्रीडा पत्रकाराला थांबून विचार करायला लावणारी आहे. ती बाजूला राहिली आणि काही सेकंदांची चित्रफीत पुनःपुन्हा दाखविली गेली.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मार्च २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तिचा किताब सोलापूर जिल्ह्याच्या वेताळ शेळके याने जिंकला. एका वर्षी, एका जिल्ह्यात, एकाच नावाच्या दोन स्पर्धा झाल्या, कारण राज्यातील कुस्ती संघटनेत फूट पडली होती. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या कुस्तीगीर परिषदेची आणि १९६१ मध्ये दिनकर दह्यारी यांच्यापासून सुरू झालेल्या किताबाची परंपरा अशी दुभंगणे, ही क्रीडा पत्रकारितेच्या दृष्टीने लाथेपेक्षा मोठी बातमी होती. खऱ्या किताबाचा मानकरी कोण, नोकरीसाठी व मानधनासाठी कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाणार, तरुण मल्लाने कोणत्या स्पर्धेत उतरायचे, हे प्रश्न तालमीत घाम गाळणाऱ्या मुलाच्या भवितव्याशी निगडित आहेत. त्यांचा शोध घेणारे सलग लेखन राष्ट्रीय पानांवर शोधूनही सापडणे कठीण आहे.

खेळाची भाषा कशी घडते

क्रिकेटचे वृत्तांकन समृद्ध होण्यामागे पैसा आणि लोकप्रियता ही कारणे आहेतच, परंतु त्यांच्याबरोबर भाषेचेही कारण आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन केले आणि यष्टी, षटक, झेल, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द घराघरांत रुळले. परदेशातून आलेला खेळ मराठी कानाला आपला वाटू लागला. पुढे संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली निघालेले मराठीतील लोकप्रिय क्रीडा नियतकालिकही ‘एकच षटकार’ याच नावाने ओळखले गेले. क्रीडाविषयक नियतकालिकाचे नावच क्रिकेटच्या परिभाषेतून यावे, यात त्या काळाची अभिरुची स्पष्ट दिसते.

क्रिकेटला धावफलकाचेही पाठबळ आहे. ‘विस्डेन’ वार्षिकाची परंपरा १८६४ पासूनची आहे. प्रत्येक चेंडूची नोंद होत असल्याने सामना न पाहिलेला लेखकही पन्नास वर्षांनी त्याविषयी साधार लिहू शकतो. कुस्तीत अशी नोंद सार्वजनिकरीत्या उपलब्ध नसते. ‘अमुक मल्लाने तमुक मल्लाला अस्मान दाखविले’ एवढेच उरते. कितव्या मिनिटाला, कोणत्या डावावर, किती गुणांनी, हे बहुधा लुप्त होते.

मात्र कुस्तीला भाषा नाही असे म्हणणे हे अज्ञान ठरेल. नगर जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांमध्ये आजही कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगीच्या ठेक्यावर जोड लावली जाते आणि ध्वनिवर्धकावरून निवेदक प्रत्येक पकडीचे वर्णन करतो. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, धोबीपछाड, निकाल ही डावांची नावे हगाम्याला जमलेल्या साध्या शेतकऱ्यालाही परिचित असतात. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी हे समालोचन एका स्वतंत्र कलेच्या पातळीवर नेले आहे. म्हणजे आखाड्यावर परिभाषा आहे, जाणकार श्रोता आहे आणि समालोचकही आहे. हा ठेवा मैदानाच्या कुंपणाबाहेर पडून छापील पानावर किंवा राष्ट्रीय वाहिनीवर पोहोचत नाही. आकाशवाणीने हॉकीच्या बाबतीत हे करून दाखविले होते. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकात भारताने पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळविला, तेव्हा जसदेव सिंग यांच्या हिंदी समालोचनाने तो सामना रेडिओ ऐकणाऱ्या कोट्यवधींपर्यंत नेला. जाणता समालोचक आणि राष्ट्रीय माध्यम यांची गाठ पडली की क्रिकेटेतर खेळही देशाचा होतो, याचा तो पुरावा आहे.

पदकापुरते स्मरण

राष्ट्रीय माध्यमे क्रिकेटेतर खेळाडूची दखल मुख्यत्वे पदकाच्या दिवशी घेतात. खाशाबा जाधव यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये खाशाबांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. नेमबाज स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाल्याचे सांगण्यासाठी खाशाबांचे नाव पुन्हा मथळ्यात आले. मधल्या काळात त्यांच्या कुस्तीविषयी, त्यांच्या डावपेचांविषयी किती लिहिले गेले, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

अविनाश साबळे याचे उदाहरण नगरला अधिक जवळचे आहे. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्याचे गाव. तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. केनियाचा सुवर्णविजेता अब्राहम किबिवोत त्याच्यापेक्षा केवळ पाच शतांश सेकंदांनी पुढे होता. ज्या प्रकारावर केनियाचे अनेक दशके वर्चस्व आहे, त्यात हे अंतर इतके कमी कसे झाले, शेवटच्या फेरीत वेग कोठे वाढला, अडथळ्यावरील तंत्रात काय बदल झाला, हे क्रीडासमीक्षेचे खरे विषय होत. बातम्यांचा भर मात्र दुष्काळी भागातील शेतकरी कुटुंब आणि सैन्यदलातील सेवा यांवरच राहिला. खेळाडूच्या कष्टांची कथा सांगणे गैर नाही. परंतु केवळ कष्टांचीच कथा सांगितली, की त्याच्या बुद्धीचा आणि कौशल्याचा अनुल्लेख होतो. फलंदाजाच्या पदलालित्यावर अग्रलेख लिहिणारी माध्यमे धावपटूच्या बाबतीत त्याच्या गरिबीपाशीच थांबतात, हा भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे.

अपयशाच्या प्रसंगी हेच उलट्या दिशेने घडते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट हिचे वजन ५० किलो गटाच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतून ती अपात्र ठरली. त्या दिवशी देशातील जवळजवळ प्रत्येक वाहिनी वजनाचे नियम, दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि शरीरातील पाणी कमी करण्याची पद्धत समजावून सांगू लागली. ही माहिती कुस्ती क्षेत्रात नवी नव्हती. वजन घटविण्याचे धोके तालमीतल्या प्रत्येक वस्तादाला माहीत असतात. जे ज्ञान वर्षभर थोडेथोडे वाचकापर्यंत जायला हवे होते, ते एका आघाताच्या दिवशी एकदम आले. परिणामी चर्चेत कारस्थानाचे तर्क अधिक आणि क्रीडाविचार कमी झाला.

कॅमेरा आल्यानंतर : कबड्डी आणि खो-खो

वाचकांना क्रिकेटेतर खेळांत रस नसतो, म्हणून माध्यमे ते देत नाहीत, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. प्रो कबड्डी लीगने तो निकालात काढला आहे. जुलै २०१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली आणि उत्तम चित्रीकरण, निश्चित वेळ व नेमके आकडे मिळताच कोट्यवधी प्रेक्षक कबड्डीकडे वळले. याच नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये या लीगचे विजेतेपद मिळविले. चढाईपटूंच्या गुणांची यादी आता शाळकरी मुलेही तोंडपाठ सांगतात.

तरीही हे यश अपुरे आहे, कारण लीग चालविणाऱ्या कंपनीत प्रक्षेपण करणाऱ्या समूहाचीच मोठी मालकी राहिली आहे. स्वतःच्या मालाचे परखड परीक्षण विक्रेत्याकडून अपेक्षिता येत नाही. त्यामुळे प्रक्षेपण भरपूर, पण समीक्षा तुटपुंजी, अशी स्थिती निर्माण होते. लीग संपली की राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय अजिंक्यपद आणि महिलांची कबड्डी पुन्हा अंधारात जाते. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत आणि महिला संघाला अंतिम फेरीत हरविले, तेव्हा अनेकांना तो अचानक झालेला आघात वाटला. इराणच्या तयारीकडे सातत्याने पाहणारे वृत्तांकन असते, तर तसे वाटले नसते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील अंतिम सामना लॉबीच्या नियमाच्या अर्थावरून बराच काळ थांबला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. जुना नियम कोणता, नवा कोणता आणि त्या स्पर्धेला कोणता लागू, हे त्या क्षणी सामान्य प्रेक्षकाला उमगत नव्हते. वाडिया पार्कवर चितपटीच्या बाबतीत जे घडले, त्याचेच हे दुसरे रूप होय.

खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाला. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळवर विजय मिळविला. महिलांनी ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६. कर्णधार प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे होते. प्रक्षेपणासोबत ‘वझीर’ व ‘ड्रीम रन’ हे शब्द आले. नव्या रूपातील खेळाला नवे शब्द लागणारच. परंतु साखळी, हुलकावणी, सूर, खांबावरील गडी ही मराठी खो-खोची जुनी परिभाषा त्यांच्या जोडीने राष्ट्रीय समालोचनात जाऊ शकली असती. ज्या प्रदेशाने खेळाला नियम दिले, त्या प्रदेशाची भाषा त्या खेळाच्या वर्णनात नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

कायद्याची मर्यादाही येथे ध्यानात घ्यावी. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. परंतु जे चित्रित होते तेच वाटून घेता येते. जेथे कॅमेराच जात नाही, तेथे हा कायदा काही करू शकत नाही.

आवृत्त्यांच्या भिंती

मराठी दैनिकांत क्रिकेटेतर खेळांच्या बातम्या अजिबात नसतात, असे म्हणता येणार नाही. जिल्हा पानांवर शालेय, तालुका व विभागीय स्पर्धांचे निकाल येतात, हगाम्यांचीही वृत्ते येतात. अडचण रचनेची आहे. नगरची बातमी नगरच्या आवृत्तीत, कोल्हापूरची कोल्हापूरच्या आवृत्तीत छापली जाते. हिंदी पत्रसृष्टीच्या स्थानिकीकरणाचा अभ्यास सेवंती नायनन यांनी ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’ (२००७) या ग्रंथात केला आहे. मराठीतही स्थानिक आवृत्त्यांमुळे गावाला पानावर स्थान मिळाले, पण गावाची बातमी जिल्ह्याच्या सीमेत अडकली. अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून खेळत महाराष्ट्र केसरी झाला. त्याआधीची त्याची वाटचाल ज्यांच्या वाचनात येऊ शकत होती, तो वर्ग मर्यादित होता. किताबी लढतीत त्याने हरविलेला लातूरचा शैलेश शेळके हा त्याच्याच तालमीतला, काका पवार यांचा शिष्य होता. कुस्ती संपताच सदगीरने त्याला खांद्यावर उचलून घेतले. त्या दृश्याचा अर्थ ज्या वाचकाला दोघांची वाटचाल आधीपासून ठाऊक होती, त्यालाच पूर्णपणे कळला. हीच सातत्याची किंमत आहे.

सातत्य नसल्याचा सर्वांत गंभीर परिणाम संघटनांच्या कारभारावर होतो. जानेवारी २०२३ मध्ये महिला मल्लांनी जंतरमंतरवर आंदोलन सुरू केले, तेव्हा राष्ट्रीय माध्यमांचे लक्ष कुस्ती महासंघाकडे वळले. मुदतीत निवडणुका न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. निवडणुकीनंतर डिसेंबरमध्ये क्रीडा मंत्रालयानेही निलंबन केले, ते मार्च २०२५ मध्ये उठविण्यात आले. क्रिकेट मंडळाच्या प्रत्येक बैठकीला वार्ताहर उपस्थित असतो. इतर महासंघांची बैठक ही बहुधा बातमीच नसते. जेथे रोजची देखरेख नाही, तेथे तक्रार करणाऱ्या खेळाडूला रस्त्यावर बसल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

समारोप

वार्ताहरांची संख्या अपुरी असते, मजकूर पाठविण्याची वेळ कडक असते, संघटना निकालपत्रेही वेळेवर देत नाहीत, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून सर्व दोष वृत्तपत्रांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चांगल्या वृत्तांकनाला कच्चा माल लागतो आणि तो खेळाच्या संघटनांनी व शिक्षणसंस्थांनी पुरवायचा असतो. प्रत्येक कुस्तीची वेळ, गुण आणि निर्णायक डाव नोंदविणारे साधे कुस्तीपत्रक संघटनांनी प्रसिद्ध केले, तर धावफलकाची जागा भरून निघेल. महाविद्यालयांच्या आंतरविभागीय स्पर्धांत शारीरिक शिक्षण संचालक निकाल नोंदवितात, पण ते कपाटातच राहतात. मराठी व वृत्तपत्रविद्या विभागांनी त्यांच्या सहकार्याने हगाम्यांतील निवेदनांचे ध्वनिमुद्रण, डावांच्या परिभाषेचा कोश आणि जुन्या वस्तादांच्या मुलाखती असे काम हाती घेतले, तर ते संशोधन म्हणूनही मोलाचे ठरेल. एका प्राचार्याने घर गहाण ठेवून मल्लाला हेलसिंकीला पाठविल्याचा अभिमान बाळगणाऱ्या शिक्षणक्षेत्राला एवढे करणे अवघड नाही.

राष्ट्रीय माध्यमांकडून अपेक्षा मर्यादित आहे. क्रिकेटची जागा कमी करावी, असा आग्रह नाही. जी जागा क्रिकेटेतर खेळांना मिळते, तीत खेळ सांगितला जावा, नियम सांगितला जावा आणि पदकाच्या आधी व वादाच्या नंतरही त्या खेळाचा माग ठेवला जावा, एवढेच मागणे आहे. वाडिया पार्कवरील त्या संध्याकाळी कुस्तीचा निर्णय बरोबर होता की चूक, याविषयी जाणकारांत मतभेद होऊ शकतात. पण तो मतभेद साधार व्हावा, यासाठी लागणारी माहिती वाचकाला मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ज्यांच्या उमेदीची वर्षे एका निर्णयावर अवलंबून असतात, त्या मल्लांचाही तो हक्क आहे.